मुरुमांवर वाटेल ते मलम नको

मुलांच्या तोंडावर मुरुमे आली की आपण घरची माणसे एक तर हसण्यावारी नेतो, नाही तर लग्नाच्या घाईने दुकानातून गोरे करणारे मलम आणतो. आमच्या मते दोन्ही चूक.

तान्ह्या बाळाच्या गालावरची मुरुमे बहुधा आपोआप जातात. तेल चोळू नये. वयात येताना त्वचेतील तेल वाढून छिद्रे बुजतात. त्यात मुलांचा काय दोष? शेतातून आल्यावर तोंड सौम्य साबणाने धुवावे. घासू नये, मुरुमे फोडू नयेत. थोडीच असतील तर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम लावावे. गुण यायला ६ ते ८ आठवडे लागतात, धीर धरावा. पंचविशीनंतर हनुवटीवर मुरुमे येऊन पाळीही चुकत असेल, तर बहिणींनी डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणी विचारल्यावाचून कोणतेच औषध घेऊ नये.

स्टेरॉइडच्या मलमाने चेहरा आधी उजळतो. मग कातडी पातळ व लाल होते, मुरुमे उलट वाढतात. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायदा दुकानापुरता, घरात राखण आपणच करायची. असे मलम चालू असेल, तर ते घेऊनच डॉक्टरांकडे जावे.