स्वस्त पेट्रोल हलके असते काय ?



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा उसाच्या बोलण्याबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी कानावर येतात. अलीकडे एकच प्रश्न आम्हांला बांधाबांधावर विचारला जातो. आपल्या चंदगड भागातील बरीच मंडळी कामानिमित्त तिलारी घाट उतरून गोव्यात जातात. कोणी भाजी घेऊन, कोणी बांबोळीच्या दवाखान्यात पेशंट घेऊन. येताना गाडीची टाकी भरून आणतात, कारण तिकडे पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त. घरी आल्यावर निम्मे म्हणतात, "साहेब, गोव्याचं पेट्रोल पातळ असतंय, ॲव्हरेजच देत न्हाई." उरलेले निम्मे म्हणतात, "आपल्याकडचंच भेसळीचं. तिकडचं घातलं की गाडी कशी पळतीया बघा." दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणे कठीण.

आम्ही पडलो शेतकी पदविकेचे लोक. इंजिनातले यांना काय कळते, असे कोणी म्हणेल. पण आता त्या पेट्रोलात आपल्या उसाचाही वाटा आहे. तेव्हा गप्प बसणे आम्हांला बरे वाटले नाही.

युरियाचे उदाहरण घ्या. गोणी कोणत्याही कंपनीची असो, आत नत्र ४६ टक्केच. तरी अमक्याच गोणीने ऊस काळाभोर होतो असे शपथेवर सांगणारे सभासद आम्हांला भेटले आहेत. २०२२ सालापासून सगळ्या गोण्यांवर एकच 'भारत' नाव आले, तेव्हा कुठे हा वाद थोडा शांत झाला. पेट्रोलचेही तसेच आहे. आय. एस. २७९६ हे भारतीय मानक सर्व कंपन्यांना सारखेच लागू. १ एप्रिल २०२० पासून भारत-६ दर्जा आला, त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणले. हा नियम स्वस्त पंपाला वेगळा आणि महाग पंपाला वेगळा, असे नाही.

शिवाय माल येतो कुठून हेही पाहा. गोव्यात एकही तेलशुद्धीकरण कारखाना नाही. महाराष्ट्रात भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचे कारखाने मुंबईत माहुलला आहेत. इंडियन ऑइलचा आपल्या राज्यात कारखानाच नाही, त्यांचा जवळचा म्हणजे गुजरातेत कोयलीला. मोठा वाहतूक खर्च वाचावा म्हणून या कंपन्या जवळच्या ठिकाणी एकमेकींचा माल उचलतात. म्हणजे पाटी एकीची आणि पेट्रोल दुसरीच्या कारखान्यातले, असे सर्रास घडते. नाव चढते ते शेवटी टँकरवर आणि पंपावर.

मग गोव्यात स्वस्त का ? कर. दुसरे काही नाही. मार्च २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला. पेट्रोल एका रात्रीत लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले. त्या रात्री पेट्रोल काही पातळ झाले नव्हते. पुढे तिथला कर पुन्हा वाढला, तरी दोन राज्यांत फरक राहिलाच. २०२३ साली एका खासगी कंपनीने काही राज्यांत एक रुपयाने स्वस्त विक्री केली, त्याचेही कारण कच्च्या तेलाचा उतरलेला भाव. गिऱ्हाईक ओढण्याची ती रीत होती, मालात खोट नव्हती.

राहिला ॲव्हरेजचा प्रश्न. आमच्या शेतकी मदतनीसांपैकी एकाने याचे उत्तर चहा पिता पिता दिले. तो म्हणाला, "साहेब, जाताना आपलं पेट्रोल घाट उतरतंय आणि येताना गोव्याचं पेट्रोल घाट चढतंय. मग कुठलं जास्त लागणार ?" आम्ही इतकी वर्षे त्या घाटाने जातो, पण ही गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. आणि गोव्याच्या पेट्रोलची स्तुती करणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना आम्ही खोदून विचारले, तेव्हा कळले की एरवी ते गावातल्या दुकानातून बाटलीतले पेट्रोल घेतात. ते पेट्रोल किती दिवसांचे, कोणत्या डब्यातले, हे देवालाच ठाऊक. त्यात दोष महाराष्ट्राचा नाही, बाटलीचा आहे.

आता महागड्या पेट्रोलकडे वळू. पंपावरचा मुलगा विचारतो, "साधं की प्रीमियम ?" चारचौघांत आपण 'साधं' म्हणायला लाजतो. प्रीमियम पेट्रोलात इंजिन स्वच्छ ठेवणारे रसायन जास्त घातलेले असते, आणि काही प्रकारांचा ऑक्टेन अंक ९५. भारत-६ दर्जात साध्या पेट्रोलला तो किमान ९१ ठरवला होता. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिनात ठोका पडू नये, यासाठीची ती सहनशक्ती. जास्त दाबाच्या मोठ्या गाडीला ती लागते. धारा काढून डेअरीला जाणाऱ्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकलला लागत नाही. माती परीक्षणात पालाश भरपूर निघाले असताना आणखी पोटॅश टाकल्याने टनेज वाढत नाही, तसाच हा प्रकार. त्यात एथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने, मिश्रण वाढले तसा साध्याचाही अंक वर गेला आणि दोहोंतले अंतर कमी झाले. गाडीच्या पुस्तकात ९५ लिहिले असेल तर जरूर घाला. नसेल तर ते पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणजे सगळे पेट्रोल सारखेच ? तसेही आम्ही म्हणणार नाही. डेपोतून निघताना ते सारखे असते. टँकर, जमिनीखालची टाकी आणि नळी या वाटेवर फरक पडतो. भेसळ ही काही गंमत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा भेसळीवर कारवाई केल्याबद्दल खून झाला. २५ जानेवारी २०११ रोजी आपल्याच राज्यात मनमाडजवळ पानेवाडीला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. ज्या तपासणीसाठी या माणसांनी जीव दिला, ती पंपावर करून मागायला आपण संकोच करतो, याचे आम्हांला वाईट वाटते. फिल्टर पेपर मागा. नळीचे तोंड पुसून एक थेंब टाका. तो उडून गेल्यावर तेलकट डाग राहिला तर शंका घ्या. माप कमी वाटले तर शासनाचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागा. घनतेचा आकडा फलकावर असतो. तो ७२० ते ७७५ च्या दरम्यान हवा, आणि टँकरसोबत आलेल्या कागदावरील आकड्याशी ३ पेक्षा जास्त फरक नको. हे सर्व फुकट आहे आणि आपला हक्क आहे. जो पंपवाला कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पावसाळ्यात पाण्याचे भय वेगळेच. पूर्वी टाकीत थोडे पाणी शिरले तर ते तळाशी बसून राही. आता एथेनॉल ते पाणी ओढून घेते, आणि प्रमाण वाढले की एथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. आमच्या एका गटातील मोटारसायकल ऐन जुलैत पेट्रोल भरल्यावर दोन फर्लांगांवर बंद पडली. टाकी काढून बरणीत ओतली तर दोन थर स्पष्ट दिसले. पंपवाला म्हणाला, तुमच्या उसामुळेच हे झाले. आम्ही म्हटले, उसाने नव्हे, तुमच्या टाकीच्या गळक्या झाकणामुळे.

पण एक गोष्ट आम्ही झाकणार नाही, जरी ती आपल्या घरची असली तरी. एथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच उष्णता असते. २००१ साली मिरज आणि मनमाड येथे पहिले प्रयोग झाले, २००३ मध्ये ५ टक्के मिश्रण सुरू झाले, जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले, आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आलो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की, २० टक्के मिश्रणाने जुन्या घडणीच्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचे ३ ते ४ टक्के घटेल. म्हणजे ज्याला ॲव्हरेज कमी वाटते तो अगदीच खोटे बोलत नाही. त्याने कारण चुकीचे धरले एवढेच. हे गोव्यातही आहे, आपल्याकडेही आहे, महाग पाटीखालीही आहे.

उसाच्या रसापासूनच्या एथेनॉलला २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर ठरला. असल्या पैशावर अनेक कारखान्यांची उसाची बिले वेळेवर निघाली, हे सभासद जाणतात. म्हणूनच तोट्याची बाजू आपणच सांगावी. दुसऱ्याने ती वाढवून सांगितली की मग आपल्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर तपासून घ्यावेत, हे आम्ही गट कार्यालयांतील आमच्या कर्मचाऱ्यांना सांगितले आहे, तेच आपणांसही सांगतो.

गोव्याहून येताना टाकी खुशाल भरून आणा. फक्त प्लॅस्टिकच्या कॅनमधून जादा आणून गोठ्यात ठेवू नका. तिथे वैरण असते.