‘वेंधळी’ म्हणण्याआधी...

दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, भाजीत मीठ दोनदा पडलं, की घरातून एकच शेरा मिळतो, ‘लक्ष कुठं असतं हिचं?’ बाईचं विसरणं आपल्याकडे दुखणं मानतच नाहीत, स्वभाव मानतात. त्यातून ती एचआयव्हीसह जगणारी असेल, तर बोलायलाच नको! ‘टेन्शन घेते’ म्हटलं की विषय संपला.

पण मैत्रिणींनो, तो तिथं संपू नये असं मला वाटतं. एचआयव्ही म्हटलं की आपल्याला घटलेलं वजन आणि टीबी आठवतो. हा विषाणू लागणीनंतर लवकरच मेंदूतही पोचतो. विचार करणाऱ्या चेतापेशींत तो सहसा शिरत नाही, त्यांची राखण करणाऱ्या पेशींत घर करतो. त्यामुळे आत दाह सुरू राहतो आणि चेतापेशींना इजा होते. मग काहींना गोष्ट आठवायला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, हात सावकाश चालतो.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी याची परीक्षा कशी घेतली, ठाऊक आहे? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लोकांना स्वयंपाक, खरेदी, पैशांचा हिशेब आणि गोळ्यांचं वेळापत्रक सांभाळण्याची कामं दिली होती. बुद्धीच्या चाचण्यांत जे मागे पडले, ते या कामांतही जास्त अडखळले. ‘घरकाम, त्यात काय एवढं!’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. त्याला किती डोकं लागतं ते शास्त्रानंच सांगितलं की!

यात दिलाशाची गोष्ट म्हणजे उपचार. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधं आली आणि या आजारातला गंभीर स्मृतिभ्रंश खूपच कमी झाला. सौम्य त्रास मात्र काहींना उरतो. आपल्या देशात सरकारी एआरटी केंद्रांवर २००४ पासून औषधं मोफत आहेत. २०१७ पासून तर लागण कळली की लगेच ती सुरू करायचं धोरण आहे. अडचण एवढीच, की ज्या गोळीनं मेंदू जपायचा, तीच विसरली जाते. गोळी चुकली की विषाणू वाढतो, आणि विसरणंही वाढू शकतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की केंद्रावर वजन बघतात, गोळ्या मोजतात, तसं ‘ताई, लक्षात राहतं ना?’ हेही विचारलं जावं. २००५ मध्ये तयार झालेली एक छोटी चाचणी आहे. चार शब्द सांगून थोड्या वेळानं विचारायचे, बोटं भराभर टेकवायला सांगायचं, मूठ आणि पंजा क्रमानं ठेवायला लावायचा. काही मिनिटांचं काम! लिहितावाचता यावं लागत नाही. त्यात काही आढळलं तर पुढची तपासणी करता येते. रक्त कमी असणं, थायरॉईड, अपुरी झोप, मनाची उदासी यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर इलाज आहे.

पण याच माहितीची मला एक धास्तीही वाटते. ‘हिचं डोकं चालत नाही’ म्हणून विधवा सुनेच्या हातातून पासबुक काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो? चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कागदी चाचणीत गुण कमी पडणारच. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या गटानंही बजावलं, की चाचणीतले कमी गुण म्हणजे मेंदूचा आजार नव्हे. शिक्षण, गरिबी, मनःस्थिती हे सगळं बघावं लागतं. आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीत, दवाखान्यात, शाळेत भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

तेव्हा घरात, शेजारी, बचत गटात अशी कुणी असेल, तर तिच्या विसरण्याची चर्चा चारचौघींत नको. मोबाईलवर गजर लावून द्या, सात कप्प्यांची डबी आणून द्या, रोजच्या मालिकेच्या वेळेशी गोळीची सांगड घालून द्या. केंद्रावर जाताना तिची तयारी असेल तर सोबत जा. तिला आधार द्यायचा आहे, तिचा कारभार काढून घ्यायचा नाही, एवढं भान आपण बायकांनी तरी ठेवूया!