देयक थकते, तेव्हा कोण थकतो?

सार्वजनिक कामांचा कंत्राटदार म्हटले की मध्यमवर्गीय मनात सहानुभूती जागी होत नाही. टक्केवारी, निकृष्ट डांबर, पहिल्याच पावसात उखडलेला रस्ता अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात आणि ती सर्वस्वी खोटी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच २०२५च्या प्रारंभी राज्यातील कंत्राटदार संघटनांनी सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके थकल्याचा दावा करून कामे बंद करण्याचा इशारा दिला, तेव्हा अनेकांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. त्याच वर्षी जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातील एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे अडकल्याने तो खचला होता, असे त्याच्या सहव्यावसायिकांनी सांगितले. तो उपकंत्राटदार होता, त्याच्या नावे शासनाकडे कोणतेही देयक प्रलंबित नाही, असा खुलासा सरकारकडून झाला.

हा खुलासा कागदोपत्री बरोबरही असेल. मात्र या प्रश्नाची सारी मेख त्यातच आहे. शासनाच्या वहीत मूळ कंत्राटदाराचे नाव असते. त्याच्यामागे उपकंत्राटदार, त्याच्यामागे खडी-सिमेंटचा व्यापारी, मुकादम आणि सर्वांत शेवटी कुदळ हाती घेतलेला मजूर. वरचे देयक सहा महिने थकले की ती थकबाकी एकेक पायरी खाली उतरते आणि जो उधार देऊ शकत नाही, त्याच्या चुलीपाशी जाऊन थांबते.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. खोदकाम आणि दगडकामाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा वडार समाज या शहरात मोठ्या संख्येने राहतो. १९९२ साली हद्दवाढ झाली, तेव्हापासून भोवतालच्या वस्त्यांना रस्ते, गटारे, जलवाहिन्या पुरविण्याचे काम चालूच आहे. ही कामे बहुतांशी लहान असतात आणि लहान कंत्राटदारच ती घेतो. त्याची गुंतवणूक म्हणजे पत्नीचे दागिने आणि बँकेची कॅश क्रेडिट. व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले की बँक त्याचे खाते अनुत्पादक ठरविते. त्याच्या देयकासाठी मात्र असा कोणताही काटेकोर दिवस नसतो. शाखा अभियंत्याने माप पुस्तिकेत नोंद करायची, उपअभियंत्याने ती तपासायची, लेखा विभागाने छाननी करायची आणि एवढे सगळे होऊन शेवटी उत्तर मिळते, ‘निधी उपलब्ध होताच’.

निधी का उपलब्ध नसतो, हेही पाहिले पाहिजे. जकात होती, तेव्हा महापालिकेच्या तिजोरीत रोजचा पैसा येत असे. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि २०१७च्या वस्तू व सेवा करानंतर पालिकांची नजर राज्याच्या अनुदानाकडे लागली. जलजीवनचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२४-२५साठी केंद्राने या योजनेला ७० हजार कोटींहून अधिक तरतूद केली होती, सुधारित अंदाजात ती २२ हजार ६९४ कोटींवर आली. गावोगावी चर खोदून झाले होते, नळ टाकून झाले होते. सरकार कोणत्या विचाराचे आहे, यावर हा हिशेब बदलत नाही.

‘घाईने पैसे दिले तर निकृष्ट काम पचेल’ असा आक्षेप घेतला जातो. तो तपासून पाहावा. तपासणी कठोर असावी, सुरक्षा ठेव रोखून धरावी, दोषदायित्वाच्या काळात रस्ता खचला तर तो कंत्राटदाराच्या खर्चाने करून घ्यावा. या सर्वांची जागा ठरलेली आहे. टेबलावर पडून राहिलेले देयक म्हणजे तपासणी नव्हे. उलट रांग जितकी लांब, तितका रांगेत पुढे सरकविणाऱ्याचा भाव अधिक. टक्केवारीची किडलेली मुळे याच ओलाव्यावर वाढतात. सचोटीचा लहान माणूस हळूहळू निविदा भरणेच सोडतो आणि उरलेले विलंबाचे व्याज दरातच धरून बसतात. ते व्याज करदाता भरतो.

कायदे नाहीत असे नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घातली, विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगितले. परंतु बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागू होत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत घेतली आहे. २०२३ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन लहान उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट नाकारण्यात आली. व्यापारी धास्तावले. ज्या महापालिकेला आयकरच भरायचा नाही, तिला या चिमट्याचे काय? याउलट केंद्रीय वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेली सूचना अनुकरणीय आहे. चालू देयकाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावी, उरलेली अंतिम तपासणीनंतर, देयक सादर झाल्यापासून २८ कामकाजाच्या दिवसांत. हा नियम केंद्राच्या कामांपुरता आहे. तो महापालिकांनी आपला म्हणून स्वीकारायला आडकाठी कोणती?

मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यातलेच. तेथील गावकुसाचे बांधकाम कोसळून १३३८ मध्ये संत चोखामेळा अन्य मजुरांसह गाडले गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारी समाधीपुढे आपण माथा टेकवतो. आजच्या भाषेत सांगायचे तर तो संत एका सार्वजनिक बांधकामावरील मजूर होता, हे मात्र सहसा आठवत नाही. समरसतेचा उच्चार करणाऱ्यांनी चरात उतरलेल्या माणसाची मजुरी कोणत्या तारखेला मिळते, हेही विचारायला हवे.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर सोलापूर महापालिका दीर्घ काळ प्रशासकाच्या हाती होती. जानेवारी २०२६च्या निवडणुकीने सभागृह परत आले. नगरसेवक आपल्या प्रभागात नारळ फोडतील, ते स्वाभाविक आहे. त्याआधी त्या कामाचा निधी स्वतंत्र खात्यात जमा आहे काय, हा प्रश्न सभागृहात विचारला जावा आणि उत्तर नकारार्थी असेल तर कार्यारंभ आदेश निघू नये. कामे कमी होतील, नारळही कमी फुटतील. कामाच्या ठिकाणी लावलेल्या फलकावर खर्च, मुदत आणि कंत्राटदाराचे नाव असते. तिथे आणखी एक ओळ मावेल. मागचे देयक कोणत्या दिवशी सादर झाले आणि कोणत्या दिवशी अदा झाले.