पाहुण्याचे पाणी आणि गावाची तहान

दारी आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या द्यावा आणि मग त्याची विचारपूस करावी, ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांची जुनी रीत आहे. घरात पाणी किती उरले आहे, हे यजमान सांगत नाही आणि पाहुणाही विचारीत नाही. पाहुणा एकटादुकटा येई आणि घटकाभर टेकून पुढच्या वाटेला लागे, तोवर या रीतीने कोणाचेच काही बिघडत नव्हते. आता पाहुणे शेकड्यांनी येतात, तंबू ठोकून मुक्काम करतात, आणि नेमके विहिरींनी तळ गाठलेला असतो तेव्हाच त्यांचा हंगाम असतो. अशा वेळी पाणी किती उरले आहे हा प्रश्न न विचारणे, हा शिष्टाचार राहत नाही. तो अविचार ठरतो.

मेअखेरीस आणि जूनच्या प्रारंभी, पाऊस उंबरठ्यावर असताना, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरांतील झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. ते पाहण्यासाठी मुंबई, पुणे, नाशिक येथून मोटारींच्या रांगा लागतात. जलाशयांच्या काठी तंबूंच्या वसाहती उभ्या राहतात. निसर्गाचा हा सोहळा पाहावा असे कोणास वाटले, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु काजव्यांचा पंधरवडा हाच सह्याद्रीतील पाणीटंचाईचाही सर्वांत कठीण पंधरवडा असतो. पाहुण्यांच्या दृष्टीने जो उत्सव, तो माथ्यावर हंडा घेऊन उतार चढणाऱ्या बाईच्या दृष्टीने वर्षातील अखेरची आणि सर्वांत लांब वाटणारी परीक्षा असते.

जेथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, तेथेच उन्हाळ्यात टंचाई का, असा प्रश्न शहरी माणसाला पडतो. उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण फारसे पाणी पोटात साठवीत नाही. उतार तीव्र असल्याने चार महिन्यांचा पाऊस ओढ्यानाल्यांनी वेगाने खाली निघून जातो. झरे आणि विहिरी थोडा काळ साथ देतात आणि उन्हाच्या तडाख्यात आटतात. समोर धरण असले, तरी त्यातले पाणी खालच्या कालव्यांसाठी आणि शहरांसाठी बांधलेले असते. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, ते खालच्या खोऱ्यातील शेतीसाठी. शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात आणि त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या मुलखात अलंकारिक राहिलेली नाही.

या पार्श्वभूमीवर साधा हिशेब मांडून पाहावा. टंचाईग्रस्त ग्रामीण भागात टँकरने पाणी पुरविताना माणशी दररोज २० लिटर हे प्रमाण धरले जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी ठेवलेले उद्दिष्ट माणशी ५५ लिटरांचे आहे, तर मोठ्या शहरांसाठी १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. शंभर पाहुण्यांनी तंबूत राहूनही शहरातल्याच सवयीने पाणी वापरले, तर एका दिवसात १३,५०० लिटर संपतील. टंचाईच्या मापाने तेवढ्या पाण्यात ६७५ ग्रामस्थांचा दिवस निघतो. त्यात पोहण्याचा तलाव, कृत्रिम पावसातील नाच आणि परतण्यापूर्वी मोटार धुऊन घेण्याची हौस मिळविली, म्हणजे हिशेब आणखी बिघडतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. या डोंगराळ भागात भाताचे एक पीक निघाले की हाताला काम राहत नाही. तंबू, जेवणावळी आणि वाटाडेपणा यांतून गावातील तरुणांना चार पैसे मिळतात, काहींचे शहरात जाणे टळते. टंचाईचे कारण पुढे करून पर्यटन बंद पाडणे, म्हणजे पाण्याबरोबर भाकरीही काढून घेणे होय. हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न पर्यटन हवे की नको असा नसून, पाहुण्याने कोणत्या मापाने पाणी वापरावे, हा आहे.

दुसरा युक्तिवाद मात्र फसवा आहे. ‘आम्ही पाणी विकत आणतो, गावाचे घेत नाही,’ असे छावण्यांचे चालक सांगतात. टँकरमधील पाणी आकाशातून पडत नाही. तेही कोणत्या तरी विहिरीतून वा विंधनविहिरीतूनच उपसलेले असते आणि तिच्याही शेजारी एखादे गाव असते. हा धोका ओळखूनच १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले होते. पैसे मोजल्याने पाण्याची किंमत चुकती होते, पण आटलेला झरा पुन्हा वाहू लागत नाही.

अन्य देशांनी या प्रश्नाला तोंड दिले आहे. ब्रिटनमध्ये १९७६ च्या उन्हाळ्यात कडक अवर्षण पडले, तेव्हा सरकारने दुष्काळविषयक खास कायदा केला आणि एका मंत्र्यावर त्या कामाची जबाबदारी टाकली. पुढे २०१० च्या कायद्याने रबरी नळीने बागा शिंपणे, खासगी मोटारी धुणे, घरगुती जलतरण तलाव भरणे यांवर तात्पुरती बंदी घालण्याचा अधिकार पाणी कंपन्यांना दिला. २०२२ च्या उन्हाळ्यात तो वापरलाही गेला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचा दाखला अधिक बोलका आहे. फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दररोज ५० लिटरांची मर्यादा होती. शहराने पर्यटकांना येऊ नका म्हटले नाही. येथील रहिवाशांप्रमाणे पाणी वाचवा, एवढेच सांगितले. अनेक हॉटेलांनी न्हाणीघरांतील टबांची बुचे काढून ठेवली. यजमानावर जी मर्यादा, तीच पाहुण्यावर, हे तत्त्व तेथे लागू झाले.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेले जात होते, त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. माणसे तहानलेली असताना करमणुकीने थोडे बाजूला सरावे, हा त्यामागील विवेक होता. मात्र तो न्यायालयाच्या दारी जाऊन जागवावा लागला, प्रशासनाच्या नियमित कारभारात उतरला नाही.

तो उतरविणे अवघड नाही. राज्याने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. कारवाँच्या टाकीत मोजकेच पाणी मावते, त्यामुळे प्रवासी आपोआप काटकसर शिकतो. हीच शिस्त तंबूंच्या वसाहतींना लावता येईल. पाणी कोठून येणार आणि सांडपाणी कोठे जाणार, याचा हिशेब पाहिल्याखेरीज छावणीला परवानगी देऊ नये. टंचाई जाहीर झालेल्या भागात पाहुण्यांसाठी माणशी मर्यादा ठरवावी. तलाव, कृत्रिम पाऊस आणि मोटारी धुणे तेवढ्या काळापुरते बंद ठेवावे. हा हिशेब ग्रामसभेपुढे दरसाल मांडला जावा, कारण विहिरीचा तळ कधी दिसू लागतो हे जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याआधी गावाला कळते. पर्यटन व्यवसायातून मिळणाऱ्या कराचा काही भाग गावाच्या साठवण टाक्या आणि झऱ्यांच्या जतनावर खर्च झाला, तर पाहुणा हा गावाच्या पाण्यात भर घालणाराही ठरेल.

या नियमांनी कोणाची सहल बुडणार नाही. एक बादलीत स्नान उरकल्याने काजव्यांचा प्रकाश मंदावत नाही. ज्या मुलांना सुट्टीत निसर्ग दाखवायला आणले जाते, त्यांना त्या निसर्गात राहणारी माणसे किती पाण्यात दिवस काढतात, हेही दाखविले पाहिजे. सहलीतून मिळणारे ते सर्वांत मोलाचे शिक्षण होईल. गाव आजही पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देईल. तो भरून घेण्यापूर्वी रांजणात डोकावून पाहण्याची जबाबदारी मात्र आता पाहुण्याची आहे.