शिकाऊ परवाना आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

आपल्या शहापूर-मुरबाड भागातील शेतीचे स्वरूप झपाट्याने पालटले आहे. भातखाचरांच्या चिखलणीस बैलांऐवजी ट्रॅक्टर फिरतो, भेंडीचा माल टेम्पोने बाजारात जातो, आणि सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या नारिवली-बोरवाडीसारख्या गावीही दारात मोटारसायकल उभी दिसते. यंत्राने शेतकऱ्याचे कष्ट हलके केले, हे निर्विवाद होय. परंतु यंत्राबरोबर घरात जी शिस्त यावयास हवी होती ती आली, असे म्हणवत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर हाकू लागला की आपणांस धन्यता वाटते, आणि 'पोरगा हाताशी आला' असे आपण चारचौघांत सांगतो. हे कौतुक किती महागात पडू शकते, याचा विचार सभासद बंधूंनी करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कायदा पाहू. सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. हा नियम नवा नव्हे. तो 1939 च्या मोटार वाहन कायद्यात होता व 1988 च्या कायद्यातही आहे. पन्नास घन सेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी तेवढी सोळाव्या वर्षी, पालकाच्या लेखी संमतीने परवाना काढून, चालविता येते. पण तसल्या गाड्या हल्ली बाजारात सहसा मिळतच नाहीत. ट्रॅक्टरास अशी कोणतीही सवलत नाही. शिवाय 2019 साली कायद्यात कलम 199-अ घालण्यात आले. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, असे त्याचे परिणाम आहेत. 'मला न विचारता नेली' असे म्हणून सुटका होत नाही. ते सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो.

दुसरी गोष्ट विम्याची. विम्याचा हप्ता भरला म्हणजे आपण निर्धास्त झालो, अशी अनेकांची समजूत असते. परंतु मालकाने विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिल्याचे सिद्ध झाले, तर विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व मागाहून ती मालकाकडून वसूल करावी, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. 2004 सालच्या स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व विस्ताराने मांडले आहे. जखमीस पैसा मिळावा हे न्याय्यच. पण पुढील वसुली ज्याच्या नावावर ट्रॅक्टर आहे त्याच्यावर येते, आणि शेतकऱ्यापाशी जमिनीवाचून दुसरे काय असते? पिढ्यान्‌पिढ्या राखलेला सातबारा एका किल्लीपायी धोक्यात घालणे हे शहाणपणाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, 'मजूर मिळत नाहीत, आणि स्वतःच्या शेतात कोण परवाना विचारतो?' परवान्याची सक्ती सार्वजनिक जागेपुरती आहे, हे खरे. परंतु शेतास जावयाचे तर रस्ता लागतोच. पावसाळ्यात माळशेजकडे जाणाऱ्या वाहनांची तेथे रीघ असते. आणि ओल्या बांधावरून ट्रॅक्टर कलंडतो तेव्हा शेत कोणाचे, हे तो पाहत नाही. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेने दोन जीव गेल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा आपणही धनिकांच्या लाडावलेल्या मुलांस नावे ठेविली. किल्ली देणारा बाप धनिक असो वा दोन एकरांचा धनी असो, दोष सारखाच.

मग मुलांस शिकवू नये काय? अवश्य शिकवावे, आणि मुलींसही शिकवावे, पण रीतीने. म्हशाच्या यात्रेतून आणलेला नवा गोऱ्हा आपण एकदम एकटा गाडीस जुंपीत नाही. जुन्या, शांत बैलाच्या जोडीस लावतो. ज्यास लोक लर्निंग लायसन म्हणतात, त्या शिकाऊ परवान्याचे मर्म हेच आहे. तो सहा महिने चालतो, व निदान तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीवर तांबड्या अक्षराची 'एल' पाटी हवी, आणि शेजारी परवानाधारक माणूस गाडी आवरता येईल असा बसलेला हवा. मोटारसायकलीवर शिकविणाऱ्याखेरीज कोणासही मागे घेता येत नाही. दुचाकीचा परवाना ट्रॅक्टरास चालत नाही, हेही अर्ज भरताना ध्यानात ठेवावे.

जून 2021 पासून आपल्या राज्यात ही प्राथमिक परीक्षा आधार क्रमांकावरून घरबसल्या देता येते. दूरच्या गावांस ही मोठी सोय झाली. पण मुलाच्या जागी दलालाने वा थोरल्या भावाने उत्तरे दिली, तर परवाना कागदास मिळाला, मुलास नव्हे. रस्त्यावरील खुणा व अपघात झाल्यास करावयाचे कर्तव्य मुलास ठाऊक आहे की नाही, हे बापाने स्वतः विचारून पाहावे.

आमची सूचना अशी की, मुलास अठरा वर्षे पूर्ण झाली की भाताची झोडणी उरकताच शिकाऊ परवाना काढावा. उन्हाळ्यापर्यंत रस्ते कोरडे व घरची माणसे मोकळी असतात. म्हणजे पुढील आवणीपूर्वी पक्का परवाना हाती येतो. तोवर किल्ली घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्यापाशी ठेवावी. परिवहन खात्यानेही परवान्यांची शिबिरे तालुक्याच्या गावी याच मोसमात नेमाने भरवावीत. मुरबाडच्या मुलास प्रत्येक कामास कल्याणची वारी घडू नये.

मुलगा हाताशी यावा ही प्रत्येक बापाची इच्छा असते. तो हाताशी यावयाचा असेल तर आधी सहा महिने आपण त्याच्या शेजारी बसले पाहिजे. तेवढी सवड ज्यास नाही, त्याने मुलास किल्ली देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.