दुखणे खरे की सोंग?

'दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते' अशी आपली एक म्हण आहे. हळूहळू का होईना, दुखणे जाते असे तिने गृहीत धरले आहे. पण जे जातच नाही त्याचे काय? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वर्षानुवर्षे कंबर, मान किंवा गुडघा धरून बसणारे कोणीतरी असते. एक्स-रेमध्ये विशेष काही निघत नाही. मग घरचे आणि दवाखान्यातले एकच निवाडा देतात, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." या निवाड्याविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात वाढले. माझी आई खुरपणीला जाते आणि गेली सहा वर्षे तिची कंबर दुखते. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, म्हणून दवाखान्याचे कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. कागदावर 'नॉर्मल' असे लिहिलेले असते. तो शब्द ऐकून आईला बरे वाटत नाही, लाज वाटते. आपण खोटे ठरलो असे तिला वाटते.

शास्त्र मात्र तिला खोटे ठरवत नाही. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये असे मांडले की, शरीराकडून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. ते कमी-अधिक उघडते आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते हलवतात. पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजा झाल्यावर मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात. मग इजा भरून आली तरी साधा ताणही दुखू लागतो. दौंड जंक्शनवरून गाडी निघून गेली तरी फाटकाची घंटा वाजतच राहावी, तसे हे आहे. गाडी नाही हे खरे. पण घंटा वाजते हेही तितकेच खरे.

पुण्यात 1944 साली जखमी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पाय गमावलेल्या पुष्कळ माणसांना त्या नसलेल्या पायाची बोटे दुखतात, हे वैद्यकाला सोळाव्या शतकापासून ठाऊक आहे. त्या सैनिकाला सोंगाडा म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? मग खुरपणाऱ्या बाईलाच का म्हणावे?

दुसरी चूक याहून भयंकर आहे. दुखते तो भागच काढून टाकावा, ही ती समजूत. हंगामात आमच्याकडे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे खाड्याचा दंड, पाळीची अडचण, कॅन्सरची भीती अशी अनेक कारणे होती. ओटीपोटाचे आणि कमरेचे दुखणे हेही त्यांतलेच एक. पिशवी गेली, तरी कंबर दुखतेच, असे त्यांतल्या अनेकजणी सांगतात.

मात्र सारे मज्जातंतूंवर ढकलून मुकादमाला आणि कारखान्याला मोकळे सोडता येणार नाही. डोक्यावरची मोळी, अपुरी झोप, उचल फिटेल की नाही ही काळजी, यांनीच ती घंटा अधिक जोरात वाजते. दुखणे मेंदूत घडते म्हणजे ते मनाने रचलेले असते असे नव्हे, आणि परिस्थितीशी त्याचा संबंध नाही असेही नव्हे.

2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. झेपेल तशी हालचाल, पुरेशी झोप, धीर आणि गरजेपुरते औषध यांनी असे दुखणे पुष्कळदा आटोक्यात येते. पण त्याआधी रुग्णावर विश्वास ठेवावा लागतो.

डॉक्टरांकडे माझी मागणी फार मोठी नाही. 'नॉर्मल' लिहून झाल्यावर त्यांनी एक वाक्य तोंडाने सांगावे, "हाड शाबूत आहे, पण बाई, तुमचे दुखणे खरे आहे." आणि मित्रमैत्रिणींनो, तोवर हे वाक्य निदान आपण तरी आपापल्या घरी जाऊन सांगू या.