‘सगळ्यांचं आलंय’ हे कौतुक नव्हे



गेल्या दिवाळीत आपल्या अंकातल्या विज्ञानकथा विभागाचं काम माझ्याकडे होतं. अकरा कथा आल्या आणि अकराच्या अकरा छापल्या. अंक निघाल्यावर शारजाहून एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. म्हणाले, “छान झालाय हो अंक. सगळ्यांचं आलंय!” त्यांनी मनापासून कौतुक केलं, पण फोन ठेवल्यावर मला काही चैन पडेना. कारण माझ्या मते त्या अकरापैकी तीन कथा खरोखर चांगल्या होत्या, चार-पाच दुरुस्त करून घेता आल्या असत्या आणि उरलेल्या छापायलाच नको होत्या. एका कथेचा नायक तर साडेसाती ‘क्वांटम लहरीं’नी घालवतो. अंधश्रद्धेविरुद्ध ठराव करणाऱ्या आपल्या गटाच्या अंकात ती आली आणि ती मीच येऊ दिली. कारण एवढंच की लेखक ओळखीचे, त्यांच्या घरी आमचं जाणं-येणं, आणि ‘नाही’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे महिन्याभराने त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलले (हे सगळं त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे). मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “अगं, मग तेव्हाच सांगायचं होतंस ना! मी पुन्हा लिहिली असती.” हे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी त्यांचं मन राखलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांची कथा नीट होण्याची संधी मी घालवली होती.

तेव्हापासून संपादक म्हणजे नेमकं कोण, याचा विचार करते आहे. कथालेखकाचं नाव आपल्याला आठवतं, पण संग्रहाच्या संपादकाचं क्वचितच. विज्ञानकथेच्या क्षेत्रात इंग्रजीत तरी या कामावर अख्खी कारकीर्द उभी राहू शकते. गार्डनर डोझॉय या अमेरिकन संपादकाने वर्षभरातल्या निवडक विज्ञानकथांचे ३५ वार्षिक खंड काढले, १९८४ पासून २०१८ मध्ये मृत्यू होईपर्यंत. संपादनासाठी त्याला १५ ह्यूगो पुरस्कार मिळाले. आपल्याकडे असा पेशा नाही. आपल्याकडे हे काम नोकरी सांभाळून, रात्री जागून, बहुधा मानधनाशिवाय होतं.

तरीही ते झालेलं आहे, आणि ज्यांनी केलं त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे डॉ. बाळ फोंडके. आपल्यातले बरेच जण त्यांना विज्ञानकथालेखक म्हणून ओळखतात; ‘खिडकीलाही डोळे असतात’ अनेकांनी वाचलं असेल. पण त्यांची वाटचाल पाहा. सुरुवात भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्राचे संशोधक म्हणून. तिथून ते टाइम्स समूहात विज्ञानसंपादक झाले. नंतर दिल्लीत सीएसआयआरच्या प्रकाशन विभागाचे, म्हणजे पुढे ‘निस्कॉम’ नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचे, संचालक. आमच्या पेशात प्रयोगशाळा सोडून संपादनाकडे जाणाऱ्याकडे कसं पाहतात ते मला पक्कं ठाऊक आहे. मी समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या पडद्यांवर संशोधन करते. माझ्या वार्षिक अप्रेझलमध्ये शोधनिबंध मोजतात, पेटंटं मोजतात. दुसऱ्याचं लिखाण सुधारण्यात घालवलेल्या रात्रींसाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. फोंडक्यांनी या रकाना नसलेल्या कामाला आयुष्याचा मोठा भाग दिला.

या कामाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं फळ म्हणजे १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला, फोंडक्यांनी संपादित केलेला ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ हा इंग्रजी संग्रह. भारतीय भाषांमधल्या १९ विज्ञानकथा त्यात आहेत. मराठीतून जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, अरुण मांडे, शुभदा गोगटे. तमिळमधून सुजाता, बंगालीतून अनीश देब, कन्नडमधून राजशेखर भूसनूरमठ, हिंदीतून देवेंद्र मेवाडी. या लेखकांच्या कथा तोवर आपापल्या भाषेच्या कुंपणात होत्या. मराठी वाचकाला कन्नड विज्ञानकथेचा पत्ता नव्हता आणि बंगाली वाचकाला लोंढे माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका जिल्दीत आल्यावर ‘भारतीय विज्ञानकथा’ असं काहीतरी आहे, हे बाहेरच्यांना आणि आपल्यालाही दिसलं.

माझ्याकडची प्रत विद्यार्थिदशेतली आहे, पाठीची शिवण उसवलेली. ती या वर्षी पुन्हा वाचली, पण वेगळ्या नजरेने. यात नसलेल्या कथा किती असतील? १९ कथांसाठी किती वाचाव्या लागल्या असतील, किती लेखकांना नकार कळवावा लागला असेल, त्यात ओळखीचे किती असतील? स्वतः मराठी असलेल्या संपादकाला मराठी कथा आणखी घालण्याचा मोह झाला नसेल? हे पुस्तकात कुठेही दिसत नाही. संपादकाचं सगळं काम न दिसणाऱ्या पानांवर असतं.

आता दुसरी एक गोष्ट, बहुतेकांना माहीत असलेली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. हॉइल-नारळीकर सिद्धान्तामुळे १९६४ पासून त्यांचं नाव घरोघरी पोहोचलेलं होतं. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती तर कोणता परीक्षक तिला खाली ढकलणार होता? नेमकं तेच त्यांना नको होतं. नावाशिवाय आपलं लिखाण टिकतं का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी त्यांच्याकडे आणखी कथा मागितल्या. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा आपल्या मेलवर श्रद्धांजलीचे कितीतरी लेख आले, माझाही त्यात होता. पण त्यांनी पहिल्याच कथेच्या वेळी घालून दिलेला धडा आपण आपल्या अंकाला लावला का? आपण तर लेखकाच्या नावाखाली हुद्दा आणि कंपनीसुद्धा छापतो!

इथे दोन आक्षेप येतील. दोन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप असा की पुरोगामी गटाने अद्भुतकथांच्या नादी लागावंच का. भुतंखेतं, मंत्रतंत्र यांना आपल्या पानांत जागा कशाला? मला वाटतं, आपण चुकीच्या जागी कुंपण घालतो आहोत. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’बरोबर ‘नवल’ चालवलं, गूढ आणि अद्भुत कथांना हक्काचं घर दिलं. ते वाचून वाचक भोंदूबाबाच्या मागे लागले असं मला वाटत नाही. प्रश्न कथेत अशक्य गोष्ट आहे की नाही हा नसतो, ती कशासाठी आणली आहे हा असतो. अबू धाबीत वाढलेल्या दीपक उण्णिकृष्णन यांचा ‘टेम्पररी पीपल’ (२०१७) वाचा. त्यात इमारतींवरून पडलेल्या कामगारांना रात्री गोंदाने जोडून पुन्हा कामावर पाठवतात, कामगार शेतात पिकासारखे उगवतात. यातलं काहीच घडू शकत नाही, आणि तरीही आखातातल्या श्रमाबद्दल इतकं खरं मी क्वचित वाचलं आहे. आपल्या अंकातली साडेसातीची कथा आणि ही कथा, दोन्हींत विज्ञानाला न पटणारं आहे. पण पहिली वाचकाला झोपवते आणि दुसरी जागं करते. हा फरक ओळखणं आणि लेखकाला सांगणं, हे संपादकाचं काम.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नाही म्हणणारा संपादक कोण लागून गेला? त्याच्या पूर्वग्रहांचं काय? हे भय खोटं नाही. जॉन कॅम्बेल या संपादकाने अमेरिकन विज्ञानकथेची एक पिढी घडवली. पण त्याच कॅम्बेलने सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘नोव्हा’ ही कादंबरी, नायक कृष्णवर्णीय आहे, वाचकांना तो आपला वाटणार नाही, असं सांगून नाकारली. डिलेनींनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. २०१९ साली कॅम्बेलच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं गेलं. तेव्हा दार राखणाऱ्यावरही लक्ष ठेवायला हवं, हे कबूल. पण दारच काढून टाकलं की पूर्वग्रह जातो, असंही नाही. आपल्या ‘सगळ्यांचं आलंय’मधले ‘सगळे’ कोण होते? अकराही लेखक इंजिनिअर, डॉक्टर, बँकवाले किंवा त्यांची मुलं. मुसाफ्फाच्या वर्कशॉपमध्ये आणि सोनापूरच्या कामगार वस्तीत मराठी माणसं नाहीत का? त्यांच्यापर्यंत आपलं आवाहनच गेलं नाही. आपण कोणालाही नाकारलं नाही असं म्हणतो तेव्हा ज्यांना विचारलंच नाही ते मोजत नाही.

आणि कथेला इथे विषयांची वाण आहे का? पिण्याचं पाणी समुद्रातून काढणाऱ्या देशात आपण राहतो. याच देशाचं ‘अल अमल’ यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. नूरा अल नोमान या एमिराती लेखिकेला आपल्या मुलींना देण्यासारखी अरबी विज्ञानकथा मिळेना, म्हणून तिने स्वतःच ‘अजवान’ (२०१२) लिहिली. आपल्या अकरापैकी एकही कथा इथे घडत नव्हती.

१६ एप्रिल २०२४ आठवा. अल ऐनच्या भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. त्या रात्री आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हे कृत्रिम पावसाच्या विमानांनी केलं, असं छातीठोक सांगणारे आपलेच पदवीधर मित्र होते. वादळाच्या वेळी एकही उड्डाण केलं नाही, असं हवामान केंद्राने सांगितलं, तरी मेसेज फिरत राहिले. ढगांवर मीठ फवारून असलेल्या ढगातून थोडा जास्त पाऊस काढता येईल, अरबी द्वीपकल्पभर पसरलेलं वादळ निर्माण करता येत नाही. हे शक्य आहे का, किती प्रमाणात, आणि मग त्याचे परिणाम काय? विज्ञानकथेचा चांगला संपादक लेखकाला हेच तीन प्रश्न विचारतो. ही सवय आपल्या अंकाने लावली तर ती फक्त अंकापुरती राहणार नाही.

म्हणून येत्या दिवाळीसाठी माझ्या सूचना:

१. कथा नावाशिवाय वाचाव्यात. नावं एकाच व्यक्तीकडे असावीत आणि ती व्यक्ती निवडीत नसावी.

२. प्रत्येक कथा दोघांनी वाचावी. त्यातला एक जण आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेरचा असावा. मतभेद झाल्यास तिसऱ्याने वाचावी.

३. नाकारलेल्या प्रत्येक कथेबरोबर निदान अर्धं पान कारणं जावीत, आणि पुन्हा लिहून पाठवायला महिनाभर मुदत मिळावी. कारण न देता नकार नाही.

४. आवाहन ईमेलपुरतं न ठेवता कामगार वस्त्यांतल्या मराठी मित्रांपर्यंत पोहोचवावं. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांच्या हस्तलिखिताचे फोटो चालतील. टाइप करायची जबाबदारी माझी.

यामुळे अंक बारीक होईल. अकराऐवजी पाच कथा येतील, काही जण नाराज होतील, एखाद्या घरची मिसळ कदाचित बंद होईल. ती किंमत मला मान्य आहे. साडेसातीच्या कथेचे लेखक सध्या ती नव्याने लिहीत आहेत. या वेळी ती नाव झाकून येईल, आणि त्यांना ओळखणारी मी ती वाचणार नाही, असं आमचं ठरलं आहे.

आपली मतं जरूर कळवा. विरोधी असतील तर कारणांसह कळवा, म्हणजे संपादनाची सुरुवात आपल्या दोघांकडूनही होईल.

आपली,
गेल्या अंकाची (न झालेली) संपादक
अबू धाबी